पैसे कटले, पण अडकले कुठे?

कळमनुरी तालुक्यातल्या वारंगा फाट्यावर नांदेडहून येणारा रस्ता फुटतो. एक हिंगोलीकडे जातो, दुसरा हदगाव, उमरखेडवरून यवतमाळकडे. फाट्यावरची खिचडी या वाटेच्या प्रवाशांना चांगलीच ठाऊक. अशा ठिकाणी गाडी थांबते ती थोडाच वेळ. ताटल्या रिकाम्या होतात आणि पाच-सहा जण एकदम मोबाइल काढून क्यूआर कोडसमोर उभे राहतात. एखाद्याच्या स्क्रीनवर गोल फिरतच राहतो. ‘काका, माझे तर कटले,’ तो म्हणतो. ‘बॉक्स तर बोलला नाही अजून,’ काकांचं उत्तर. तिकडे कंडक्टरची घंटी.

दोघंही खरंच बोलत असतात, कारण यूपीआयचे पैसे मोबाइलमधून उडी मारून थेट दुकानदाराच्या खात्यात पडत नाहीत. ॲपकडून निघालेली सूचना ॲपमागच्या बँकेकडे जाते, तिथून राष्ट्रीय देयक महामंडळाकडे, म्हणजे मुंबईच्या एनपीसीआयकडे. मग पैसे देणाऱ्याची बँक रक्कम वजा करते, उत्तर पुन्हा एनपीसीआयकडे येतं आणि शेवटी दुकानदाराची बँक जमा करते. यातली एक जरी कडी रेंगाळली तरी ग्राहकाला दिसतो तो फक्त फिरणारा गोल.

नेमकी कोणती कडी रेंगाळली, हे शोधायचं तर प्रत्येक टप्प्यावर नोंद हवी. मोठी सॉफ्टवेअर चालवणारी मंडळी तीन प्रकारची माहिती गोळा करतात. पहिली आकड्यांची: दर सेकंदाला किती विनंत्या आल्या, किती फसल्या, उत्तराला किती वेळ लागला. याला मेट्रिक म्हणतात. दुसरी म्हणजे लॉग, घडलेल्या प्रत्येक गोष्टीची वेळेसकट नोंद. तिसरी ट्रेस: एकाच व्यवहाराचा या दारातून त्या दारापर्यंतचा माग. मेट्रिक सांगतं की काहीतरी बिघडलंय, ट्रेस कुठे ते दाखवतो आणि का बिघडलं ते बहुतेक वेळा लॉगमध्ये सापडतं.

यात सरासरी हा आकडा फसवा. शंभर जणांपैकी 99 जणांचे पैसे दोन सेकंदांत गेले आणि एकाला 30 सेकंद लागले, तर सरासरी येते 2.28 सेकंद. कागदावर सगळं आलबेल. पण त्या एकाची गाडी सुटलेली असते. म्हणून अभियंते सीईटीच्या निकालामुळे घरोघरी पोचलेला पर्सेंटाइल बघतात. सगळ्यात संथ एक टक्का व्यवहारांना किती वेळ लागला, यावर त्यांचा डोळा असतो.

फसलेल्या व्यवहारांचेही दोन वेगळे हिशेब असतात. पिन चुकला, खात्यात पैसे नाहीत किंवा मर्यादा संपली, तर तो ‘बिझनेस डिक्लाइन’. बँकेची यंत्रणा किंवा नेटवर्कच कोलमडलं, तर ‘टेक्निकल डिक्लाइन’. प्रमुख बँकांची ही टक्केवारी एनपीसीआय दर महिन्याला जाहीर करते, त्यामुळे कोणत्या बँकेची यंत्रणा किती दमते हे कुणालाही बघता येतं.

पण विचारपूस करण्यालाही किंमत पडते. 12 एप्रिल 2025 च्या शनिवारी देशभर यूपीआय अडखळलं. पैसे पाठवणाऱ्यांची गर्दी हे त्याचं कारण नव्हतं. ‘त्या व्यवहाराचं काय झालं?’ अशी चौकशी काही बँकांच्या यंत्रणा एनपीसीआयकडे वारंवार करत होत्या, अगदी जुन्या व्यवहारांचीही. त्या चौकशांच्या लोंढ्याखाली खरे व्यवहार दबले. बिल देणाऱ्यांपेक्षा ‘किती झालं?’ विचारणारेच गल्ल्यापाशी दाटले, तर हॉटेलवाला खिचडी कधी वाढणार?

त्यानंतर नियम आवळले गेले. पैसे देण्या-घेण्याच्या विनंतीला उत्तर देण्याची मुदत 30 सेकंदांवरून 15 वर आणि स्थिती सांगण्याची 30 वरून 10 वर आली. हा बदल जून 2025 पासूनचा. ऑगस्टपासून एका ॲपवर दिवसाला 50 वेळाच शिल्लक बघता येते. ऑटोपेचे हप्ते सकाळी 10 ते 1 आणि संध्याकाळी 5 ते 9.30 या गर्दीच्या वेळा टाळून कापायचे असंही ठरलं. त्याच ऑगस्टमध्ये यूपीआयने महिन्याला 2,000 कोटी व्यवहारांचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला. एप्रिल 2016 मध्ये प्रायोगिक रूपात सुरू झालेल्या व्यवस्थेसाठी हा पल्ला मोठाच.

एवढ्या व्यवहारांचा बारीकसारीक माग ठेवायचा म्हटलं, तर मोजणारी यंत्रणाच मूळ कामाला जड होईल. गूगलसमोर हा प्रश्न आधीच उभा राहिला होता. ‘डॅपर’ या आपल्या माग-यंत्रणेवर 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात गूगलच्या अभियंत्यांनी त्यावरचा तोडगा मांडला: सरासरी दर 1,024 विनंत्यांमागे एकीचाच माग घ्यायचा. विनंत्या अफाट असतात तिथे दुखणं ओळखायला एवढा नमुना पुरतो. पैशांच्या हिशेबात मात्र ही सूट नाही. कामगिरीचा नमुना चालतो, पण प्रत्येक रुपयाची नोंद ठेवावीच लागते.

त्या नोंदीचा ग्राहकाच्या हाती येणारा धागा म्हणजे ॲपमध्ये दिसणारा 12 आकडी यूटीआर क्रमांक. पैसे कटूनही पोचले नाहीत तर घाईने दुसऱ्यांदा पाठवण्याआधी ॲपमधली स्थिती बघावी आणि हा क्रमांक जपून ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, एका व्यक्तीने दुसऱ्याला पाठवलेली रक्कम अशी अडकली तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ती परत यायला हवी. दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई आहे, आणि ती ग्राहकाने तक्रार केली नाही तरी द्यायची आहे.