सीट स्विफ्टची, पट्टा एट हंड्रेडचा

आमच्या घरची मारुती एट हंड्रेड 1998 सालची. इंजिन अजून पहिल्या किल्लीत चालू होतं, पण ड्रायव्हरची सीट केव्हाच संपली होती. फोमचा भुगा होऊन मॅटवर पिवळी पूड पडायची. बाबा खाली एक उशी आणि पाठीमागे गुंडाळलेला टॉवेल घेऊन बसायचे. कोल्हापुरातून पन्हाळ्याला जाऊन आले की उतरल्यावर दोन मिनिटं दाराला धरून उभे राहायचे. डॉक्टर म्हणाले, गाडी बदला. बाबांनी डॉक्टर बदलला.

आधी उद्यमनगरातल्या कुशनवाल्याकडे गेलो. त्यानं कव्हर उसवून आतला सांगाडाच दाखवला. पाठ जिथे मागेपुढे होते त्या सांध्यापाशी पूर्वी कुणीतरी दोनदा वेल्डिंग मारलं होतं आणि त्याच्या शेजारी नवी चीर गेली होती. "फोम घालून देतो, पैसे बी घेतो," तो म्हणाला, "पर ताई, ही पाठ एक दिवस मागं पडनार." सीट बदलायची ठरली ती तिथे.

आमचे मिस्त्री आणि बाबा यांचं वीस वर्षांचं भांडण आहे, म्हणजे दोस्ती आहे. मिस्त्रींनी स्विफ्टची सीट सुचवली. पाठ उंच, कमरेला आधार, डोक्यामागे उशी. मग एका रविवारी भंगारात. कोल्हापुरात जुनी सीट घेताना पहिलं काम नाकाचं. 2019 आणि 2021 च्या पुरात किती गाड्या बुडाल्या ते इथल्या भंगारात फिरलं की कळतं. कव्हर धुतलेलं असतं, पण फोमात नाक खुपसलं की पंचगंगा भेटते, आणि सीट उलटी केली की रेलच्या खाचेत वाळलेला गाळ. मिस्त्रींचं दुसरं पथ्य: मागून ठोकलेल्या गाडीची सीट घ्यायची नाही, कारण त्या धक्क्यात माणसाचा सगळा भार पाठीच्या सांध्यावर येतो आणि वाकलेला सांधा कव्हरखाली दिसत नाही. शेवटी इंजिन बसलेल्या एका स्विफ्टची जोडी मिळाली. कोरडी, आणि दोन्ही बाजूंच्या रेलला लॉक असलेली.

जुनी सीट काढायला दहा मिनिटं पुरली. चार बोल्ट, बारा नंबरची गोटी, आणि एका बोल्टपुरती मिस्त्रींची शिवी. खाली 1998 पासूनचा संसार निघाला: दोन गोट्या, टोलची पावती, आईचा हरवलेला चाप.

रिकाम्या जागेत पट्टा नीट पाहायला मिळाला. एरवी आपण तो ओढतो आणि टक् वाजला की विसरतो. पट्टा तीन ठिकाणी गाडीला धरलेला असतो. एक दोन दारांच्या मधल्या खांबावर, खांद्याच्या वर. दुसरं खाली, दाराच्या उंबऱ्याशी. तिसरं म्हणजे बकल, लाल बटणाचं. आमच्या गाडीत ते दोन सीटांच्या मधे, तळाच्या पत्र्यालाच बोल्टनं बसवलेलं आहे. सीटशी त्याचा काही संबंध नाही. सीट उचलून नेली तरी बकल आपलं जागेवर ताठ उभं होतं. स्विफ्टमध्ये उलटं. तिथे बकल सीटच्या सांगाड्याला लावलेलं असतं आणि सीट सरकेल तसं तेही सरकतं. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत असंच.

मिस्त्री म्हणाले, "मग सोपं हाय की. सीटबरोबर बकल आलंयच. खालचं जुनं काढून टाकूया."

एट हंड्रेडच्या पट्ट्याची जीभ स्विफ्टच्या बकलमध्ये घातली. आत गेली. टक् असा आवाजही झाला. मिस्त्रींनी माझ्याकडे 'बघा' अशा नजरेनं पाहिलं. मी पट्टा हाताला गुंडाळून एक हिसका दिला आणि जीभ बाहेर आली. दुसऱ्यांदा बसली. तिसऱ्यांदा पुन्हा बाहेर. दोन कंपन्यांची सोडा, एकाच कंपनीच्या दोन गाड्यांची जीभ आणि बकल एकमेकांसाठी केलेली असतील असं नाही. लॉक झाल्याचा आवाज आणि लॉक होणं यात फरक आहे, आणि तो रस्त्यावर कळून उपयोग नसतो.

"बरं, मग पट्टाबी स्विफ्टचा लावू," मिस्त्री.

इथे मी मधे पडले. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, त्यामुळे असं गणित माझ्या वाट्याला येतं. गॅरेजच्या फरशीवर खडूनं मांडलं. माणूस 70 किलोचा. गाडीचा वेग ताशी 50 किलोमीटर. समोर काहीतरी आडवं आलं आणि गाडीचं नाक चेपत, पट्टा ताणत माणूस अर्ध्या मीटरमध्ये थांबला. पट्ट्यावर येणारा जोर सुमारे साडेतेरा हजार न्यूटन. मिस्त्रींच्या भाषेत, तेराशे-चौदाशे किलो.

"आपली गाडी केवढ्याची?" त्यांनी विचारलं.

साडेसहाशे किलोच्या आसपास.

"म्हंजे दोन एट हंड्रेड टांगल्यागत." ते खडूच्या आकड्याकडे बघत राहिले. मग स्वतःच म्हणाले, "आणि ह्यो सगळा भार सीटखाली मी जी लोखंडी पट्टी मारनार, तिच्यावर येनार."

मुद्दा नेमका तोच. बकल पत्र्याला असेल तर माणसाचा भार थेट गाडीच्या अंगावर जातो, सीटला फक्त स्वतःला धरून राहायचं असतं. बकल सीटला असेल तर माणसाच्या भारातला मोठा वाटा सीटच्या सांगाड्यातून, रेलमधून, चार बोल्टांतून खाली उतरतो. कंपनी तशी सीट करते तेव्हा ती वाट ओढून तपासते. आंतरराष्ट्रीय नियमांतल्या चाचणीत छातीवरच्या पट्ट्याला 13,500 न्यूटन आणि मांडीवरच्या पट्ट्याला तेवढेच, दोन्ही एकाच वेळी ओढतात. पट्टा सीटला बांधलेला असेल तर सीटच्या वजनाच्या वीसपट जोर त्यावर आणखी. उद्यमनगरात कापलेली पट्टी कितीही जाड असली तरी ती कुणी ओढून पाहिलेली नसते. म्हणून ठरलं: सीट स्विफ्टची, पण पट्टा, बकल, त्यांचे बोल्ट आणि त्यांच्या जागा, सगळं एट हंड्रेडचं. स्विफ्टचं बकल सीटवरून उतरवून डब्यात टाकलं.

सीटबेल्टचे बोल्ट हा वेगळाच प्राणी आहे. सगळी गाडी मिलिमीटरमध्ये, पण बहुतेक गाड्यांत हा बोल्ट मात्र 7/16 इंची, बारीक आट्यांचा, इंचाला 20 आटे. तो हरवला की गॅरेजमध्ये सापडेल तो बोल्ट घालतात. दहा मिलिमीटरचा बारीक आट्याचा बोल्ट त्या भोकात जातो, फिरतो, बसल्यासारखाही वाटतो. पण तो आट्यांच्या टोकांवरच धरलेला असतो. मिस्त्रींना हे माझ्या आधीपासून ठाऊक होतं. ड्रायव्हरच्या पट्ट्याचे बोल्ट त्यांनी काढलेच नाहीत, टॉर्क पान्यानं फक्त तपासले.

स्विफ्टच्या रेलची भोकं एट हंड्रेडच्या भोकांशी जुळणार नव्हतीच. गाडीची रुंदी 1,440 मिलिमीटर, त्यात दोन अंगानं भरलेल्या सीटा आणि मधे हँडब्रेक. पहिली सीट नुसती ठेवून पाहिली तर हँडब्रेकवर हात जाईना आणि दार लावताना कव्हर चिमटत होतं. मग मिस्त्री सुतळी आणि खडू घेऊन दोन तास ओणवे. मी बॅटरी धरून. त्यांनी सहा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्ट्या कापल्या आणि त्यांना दोन-दोन भोकं पाडली, एक गाडीसाठी, एक सीटसाठी. पत्र्याला नवं भोक एकही नाही. कंपनीच्या चार जागांना खालून जाड पत्र्याचा आधार आणि जोडलेला नट असतो. त्यांच्या शेजारी चार बोटांवर तोच तळ इतका पातळ असतो की जोराच्या धक्क्यानं बोल्ट वॉशरसकट फाडून निघेल. आणि सीटच्या सांगाड्याला वेल्डिंगही नाही. "ह्ये पोलाद येगळं असतंय," मिस्त्री म्हणाले, "तापवलं की त्याचा जीव जातो." जे जोडायचं ते बोल्टनं, आणि बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा त्याच्या वरचा आकडा कोरलेला हवा. आकडा नसलेला बोल्ट त्यांनी गॅरेजातल्या पोराच्या हातून काढून घेऊन टेबल दुरुस्तीच्या डब्यात फेकला.

दुपारी सीट बसली. बाबांना बसवलं. बाबा म्हणाले, "वा," आणि पट्टा ओढून बकल शोधायला लागले. सापडेना. नवी सीट जुनीपेक्षा सव्वा इंच उंच झाली होती आणि बाजूनं फुगीर. बकल तिच्या कुशीत बुडालं होतं. जीभ कशीबशी बसली, पण लाल बटणापर्यंत बोट पोचत नव्हतं. गाडीला आग लागली, पाण्यात गेली, तर हा माणूस सुटणार कसा?

पोरानं सुचवलं, बकलला जोड देऊन वर घेऊ. बाजारात तसे जोड मिळतातही. पण बकल वर आलं की मांडीवरचा पट्टा पोटावर येतो. तो बसायला हवा कमरेच्या दोन हाडांवर, खाली. हाड भार सोसतं, पोट सोसत नाही. पट्टा पोटावर असेल तर धडकेत माणूस त्याच्याखालून पुढे सरकतो आणि पट्टा आतड्यांत रुततो. म्हणून बकल वर न्यायचं नाही, सीट खाली आणायची. मिस्त्रींनी लोखंडी पट्ट्यांवरचे उंचवटे काढून त्या सपाट केल्या, आणि सीटच्या बाजूचं प्लॅस्टिकचं झाकण, जे नुसतं शोभेचं होतं, बकलपुरतं कापलं. सव्वा इंचाचा अर्धा इंच झाला. बकल ताठ उभं राहिलं, बाबांचा अंगठा न बघता बटणावर गेला.

मग आईला बसवलं. आई गाडी चालवत नाही, पण तिची उंची पाच फूट. सीट पूर्ण पुढे घेतली की बकल मागे राहतं आणि पट्टा कमरेवरून मागे ओढला जातो. बकल पत्र्याला असलेल्या गाडीचा हा जन्मजात दोष. जुन्या सीटलाही होता. म्हणून तपासताना सीट पुढे, मधे, मागे अशी तिन्ही ठिकाणी तपासायची, आणि घरातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या माणसाला बसवून.

मधेच एक गंमत झाली. कार्पेट धुवायला म्हणून पोरानं शेजारच्या सीटच्या पट्ट्याची गुंडाळी खांबातून काढली आणि हातात धरून ओढायला लागला. पट्टा येईना. "खराब झालंय," त्यानं जाहीर केलं. खराब काही नव्हतं. त्या गुंडाळीत एक छोटी गोळी किंवा लोलक असतो. गाडी झटक्यानं थांबली किंवा कलली की तो जागचा हलतो आणि दात अडकवतो. हातात तिरकी धरली की गुंडाळीला वाटतं गाडी उलटली. खांबात असते तशी सरळ धरली आणि पट्टा सुळकन बाहेर आला. पोरगं पुढची दहा मिनिटं ती वाकडी-सरळ करत बसलं.

या तीन टोकांच्या पट्ट्याचा कर्ता निल्स बोलिन. स्वीडनच्या वोल्वोनं तो 1959 मध्ये गाड्यांत आणला आणि पेटंट सगळ्यांना खुलं ठेवलं. त्याआधी बोलिन साब कंपनीत विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटांवर काम करायचा. आपल्याकडे पुढच्या सीटांना पट्टे बसवणं 1994 पासून सक्तीचं झालं, म्हणून आमच्या गाडीला ते मुळात होते. ते न लावण्याची हौस मात्र टिकून आहे. पट्ट्याचा गजर बंद करायला बकलमध्ये अडकवायची नुसती जीभ ऑनलाइन मिळायची. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तिच्या तेरा हजारांवर जाहिराती काढायला लावल्या. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "पैसे देऊन?"

कागदाचंही सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. आम्ही सीटांची संख्या बदलली नाही, पत्रा कापला नाही, पट्टा बदलला नाही. तरीही आरटीओत आधी विचारलं आणि विमा कंपनीला पत्र दिलं. पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणी नव्यानं करायला तपासणीला न्यावंच लागतं. तिथे सीट बघून कपाळाला आठ्या पडण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

संध्याकाळी रंकाळ्याच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर ताशी तीसला बाबांनी ब्रेक दाबला. पट्टा अडकला, सीट जागची हलली नाही. मिस्त्रींनी परत आल्यावर सगळ्या बोल्टांच्या डोक्यावरून पट्टीवर पांढऱ्या रंगाची एकेक रेघ ओढली. बोल्ट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. दर सहा महिन्यांनी मी वाकून बघते.

हे वाचून कुणाला आपल्या गाडीत करावंसं वाटलं तर आधी सीटखाली बॅटरी मारून पाहा. तिथे पिवळ्या रंगाचा प्लग दिसला, तर ती वायर एअरबॅगची किंवा पट्टा आवळणाऱ्या स्फोटक नळीची आहे. तो प्लग काढू नका, आणि सीट बदलण्याचा विचारही सोडून द्या.