दोराचा वेढा

बेगम बाजारात हमाल हातगाडीवरची पोती आवळतो ते बघा. दोर लाकडी खुंट्याला दोन वेढे मारून घेतला की टोक नुसतं चिमटीत धरलं तरी भार हलत नाही. हैदराबादहून समुद्र बराच लांब आहे, पण नौदलाच्या ‘तरंगिणी’वर शिकायला येणाऱ्या पोरांना हीच युक्ती शिकावी लागते.

‘तरंगिणी’ गोवा शिपयार्डात बांधली गेली. 1997 साली नौदलात आलेलं हे तीन डोलकाठ्यांचं, वीस शिडांचं प्रशिक्षण जहाज. 2003-04 मध्ये तिने पृथ्वीप्रदक्षिणाही केली. पुढच्या दोन काठ्यांवर आडवी चौकोनी शिडं. मागून वारा आला की ती भरतात. वारा बाजूने असला तर उभी, तिरकी शिडं जास्त कामाची.

आता तो वेढा. दोर खुंट्यावर घासतो आणि घर्षण वळणाच्या प्रत्येक अंशात ताणाचा ठरावीक हिस्सा खाऊन टाकतं. म्हणून हिशेब बेरजेचा नाही, गुणाकाराचा. एका वेढ्याने हाताच्या जोराच्या चौपट ताण पेलला, तर दोन वेढ्यांनी सोळापट, तीन वेढ्यांनी चौसष्टपट! खुंट्याची जाडी इथे जवळपास गौण. मोजायचे ते वेढे. दोर ओला, बुळबुळीत असेल तर मात्र गणित बिघडतं.

रडार असताना हे कशाला, असं विचारणारे भेटतातच. पण वारा फिरला की शीड फडफडतं आणि हातातला दोर सैल पडतो. स्क्रीनकडे बघायच्या आत ते तळहाताला कळलेलं असतं.