आजीच्या हातात कोणता गेम द्यावा?

"आईला मोबाईलमधलं काही कळत नाही," हे वाक्य वस्तीत फिरताना आम्ही घरोघरी ऐकतो. मग त्या आईच्या हातातला मोबाईल बघतो, तर त्यात नातवाचे गेम. गाड्या पळवायच्या, बंदुका चालवायच्या, सगळ्या सूचना इंग्रजीत आणि वर घड्याळ उलटं मोजतंय. न कळायला काय झालं? जिनं आयुष्यभर किराण्याचा आणि भिशीचा हिशेब तोंडी ठेवला, तिला पत्त्यांचा डाव नक्की कळतो. शाळेचं दार जिला बंद होतं, तिला अक्षर येत नाही. अक्कल नाही असं कोणी समजू नये.

म्हणून गेम निवडताना आधी विचारा, लहानपणी काय खेळत होता? सारीपाट खेळलेल्या माणसाला लुडो शिकवावा लागत नाही, तो आपल्या पचिशीवरूनच निघालेला खेळ आहे. सापशिडी, चित्रांच्या जोड्या जुळवणं हेही वाचता न येणाऱ्याला जमतं. घड्याळ लावलेला गेम टाळा. कॅरम आवडता असला तरी मोबाईलवर त्यात बोट ओढून नेम धरावा लागतो, हात थरथरत असेल तर चिडचिडच होते. लुडोत नुसतं टेकवलं की काम होतं. विटा उचलून, भांडी घासून बोटांची कातडी कोरडी आणि जाड झालेली असते, स्क्रीनला तो स्पर्श कधी कधी लागतच नाही. हात धुऊन, पुसून किंचित ओलसर बोट लावायला सांगा. मोबाईल हातात धरण्यापेक्षा उशीला टेकवून ठेवावा, मान वाचते. अर्ध्या तासानं उठून चार पावलं चालावं.

विहाराच्या अभ्यासिकेत जुना कॉम्प्युटर असेल तर फारच चांगलं. पडदा मोठा, आणि त्यात सॉलिटेअर हा पत्त्यांचा गेम सहज मिळतो. 1990 साली तो विंडोजमध्ये आला, तेव्हा माउसची सवय नसलेल्या लोकांचा हात त्याच्यावरच बसला. आपल्या ज्येष्ठांनाही तो तसाच उपयोगी पडतो. एका वेळी एकच पान उघडेल असं ठेवा, सेटिंगमध्ये बाण मोठा आणि हळू करा. आणि शिकवताना हातातून माउस हिसकावून "असं नाही हो आजी" म्हणू नका. त्या एका वाक्यानं किती जणी परत खुर्चीवर बसत नाहीत!

आता पैशाचं. फुकट म्हणून मिळणारे बरेच गेम फुकट नसतात. कँडी क्रशमध्ये पाच जीव मिळतात, ते संपले की एक परत यायला अर्धा तास थांबा, नाहीतर विकत घ्या. इतर गेममध्ये मध्येच पूर्ण पडदाभर जाहिरात येते आणि ती बंद करायची फुली तिळाएवढी. बोट चुकलं की भलतंच काहीतरी उघडतं. त्याच मोबाईलवर श्रावणबाळ योजनेचे पैसे आणि यूपीआय असेल तर धोका कोणाला, ते सांगायला नको. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं बंदीचा कायदा केला, तरी "रमी खेळा, जिंका" अशी लिंक कोणी पाठवली तर ती उघडू नका. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी संपत्तीच्या नाशाच्या ज्या सहा वाटा सांगितल्या, त्यात जुगार आहेच. घरात पडलेला जुना मोबाईल सिम आणि यूपीआय काढून आजीला द्या. इंटरनेटशिवाय चालणारा गेम त्यात टाकून इंटरनेट बंद करा, जाहिरातीही थांबतात. पैसे गेलेच तर लाज न धरता लगेच 1930 या नंबरवर तक्रार करा.

"हा गेम खेळा, स्मरणशक्ती वाढेल" या जाहिरातीला मात्र भुलू नका. असाच दावा करणाऱ्या लुमॉसिटी या गेमच्या कंपनीला 2016 साली अमेरिकेत 20 लाख डॉलर भरावे लागले. विसराळूपणा वाढत असेल तर आधी बीपी, शुगर, बी-12 आणि थायरॉइड तपासा, कान आणि डोळे दाखवा. एकटेपणाही मेंदूला मारक असतो, म्हणून कोपऱ्यात एकटीला बसवून देण्यापेक्षा चौघांचा लुडो आम्हाला जास्त आवडतो. हरल्यावर होणाऱ्या भांडणासकट.

खेळताना शेजारी बसलात तर आणखी काही दिसतं. पत्ते धुरकट दिसतात, दिव्याभोवती वलय दिसतं असं त्या म्हणाल्या तर मोतीबिंदू असू शकतो. सरकारी रुग्णालयात त्याचं ऑपरेशन मोफत होतं. पण रोज नीट खेळणाऱ्या माणसाला अचानक पडद्याची एकच बाजू दिसेनाशी झाली, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात असू शकतो. गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. झोपवून बघू, सकाळी जाऊ, असं करू नका. 108 ला फोन करा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा.