गुप्ततेचा लाभ कोणास?

परग्रहांवरील जीवसृष्टीविषयी सरकारे सत्य दडवितात काय, असा प्रश्न तलमडुगुसारख्या सीमेवरील गावीही तरुण आम्हांस विचारतात. त्याची थट्टा करणे उचित नव्हे. त्यामागे सत्ताधाऱ्यांविषयीचा अविश्वास असतो आणि तो सर्वथा निराधार नसतो.

जुलै १९४७ मध्ये अमेरिकेतील रॉझवेल येथील सैन्यतळाने ‘उडती तबकडी’ हाती लागल्याचे जाहीर केले व लगोलग तो हवामानाचा फुगा असल्याचा खुलासा झाला. पुढे १९९४ साली हवाईदलाने सांगितले की, ते अवशेष बहुधा सोव्हिएत अणुचाचण्यांचा सुगावा घेणाऱ्या गुप्त फुग्यांचे होते. म्हणजे दडविले गेले ते परग्रहवासी नव्हेत, तर हेरगिरीचे साधन. अशा गुप्ततेचा पहिला लाभ शस्त्रसत्तेस होतो. दुसरा, अफवांवर उपजीविका करणाऱ्यांस, कारण कागद बंद असता त्यांचे म्हणणे कोणी खोडू शकत नाही. हानी मात्र सामान्य माणसाची होते. पुढे खरे सांगितले तरी त्याचा विश्वास बसत नाही.

याउलट उदाहरण आपल्या जवळच आहे. हैदराबादच्या केंद्रातून संशोधनाचे फुगे सोडण्यापूर्वी जाहीर सूचना दिली जाते. उपकरणे ज्या जिल्ह्यांत उतरण्याचा संभव असतो त्यांत आदिलाबादचेही नाव असते. सापडलेले उपकरण उघडू नये, पोलिसांस कळवावे, असे त्यात सांगितलेले असते. जानेवारी २००१ मध्ये डॉ. जयंत नारळीकर व सहकाऱ्यांनी अशाच फुग्याने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने घेतले; त्यांत सूक्ष्मजीव आढळले. २००५ च्या दुसऱ्या प्रयोगातून जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्याचे ‘इस्रो’ने २००९ मध्ये जाहीर केले, परंतु ते पृथ्वीबाहेरून आले हे निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हेही त्याच वेळी सांगितले. जेथे शंकाही उघडपणे मांडली जाते, तेथे अफवेस थारा उरत नाही.

ख्रिस्तसभेस हा विषय नवा नाही. दुसऱ्या शतकात काही पंथ निवडक लोकांपुरत्या गुप्त ज्ञानाचा दावा करीत. प्रेषितांची शिकवण सर्व मंडळ्यांत उघडपणे दिली गेली आहे, असे उत्तर संत इरेनेयस यांनी त्यांस दिले.

म्हणून धर्मशिक्षकांनी ठाऊक असेल तेवढेच सांगावे आणि पुरावा नसेल तेथे तसे म्हणावे. आणि आपण धर्मगुरूंनी हाच प्रश्न स्वतःसही विचारावा: मंडळीचा हिशेब वा आपलीच एखादी चूक झाकून ठेवली, तर लाभ कोणाचा होतो?