पहिल्या ओळीतला दुभाष्या

लिनक्स किंवा युनिक्स घराण्यातली कुठलीही प्रणाली वापरणाऱ्याला कधी ना कधी एक चमत्कारिक उत्तर मिळते. समजा, वर्गाच्या हजेरीची बेरीज करणारी एक छोटी आज्ञावली तुम्ही घरच्या विंडोज संगणकावर लिहिली आणि पेनड्राइव्हवरून शाळेतल्या लिनक्स संगणकावर आणली. फोल्डरमधल्या फाइलींची यादी मागितली, तर 'हजेरी' हे नाव यादीत आहे. फाइल उघडली, तर मजकूरही जसाच्या तसा आहे. पण ती चालवायला सांगितले की संगणक म्हणतो, अशी फाइल सापडत नाही!

संगणक इथे चुकलेला नाही. तो खरोखरच एक फाइल शोधतो आहे आणि ती खरोखरच तिथे नाही. फक्त ती फाइल 'हजेरी' नव्हे. मग कोणती? याचे उत्तर मिळवायचे, तर फाइल 'चालवणे' म्हणजे नेमके काय हे आधी पाहायला हवे.

संगणकाच्या प्रोसेसरला फक्त त्याच्या स्वतःच्या सूचना कळतात, आणि त्या आकड्यांच्या रूपात असतात. अशा तयार सूचना ज्या फाइलीत आहेत, ती थेट मेमरीत चढवून चालवता येते. पण 'हजेरी'सारखी स्क्रिप्ट म्हणजे साधा मजकूर. पत्र किंवा निबंध जसा असतो, तशीच तीही अक्षरांची ओळ. प्रोसेसरला त्यातले अक्षरही कळत नाही. ती वाचून तिच्याप्रमाणे काम करणारा दुसरा एक कार्यक्रम मध्ये लागतो. तो इंटरप्रिटर, म्हणजे दुभाष्या. पायथनमध्ये लिहिलेल्या मजकुराला पायथनचा दुभाष्या, पर्लमधल्याला पर्लचा. प्रश्न असा, की फाइल समोर आल्यावर कोणता दुभाष्या बोलवायचा हे ठरवायचे कोणी आणि कशावरून?

डॉसने, आणि पुढे विंडोजने, हे फाइलीच्या आडनावावरून ठरवले. नावाच्या शेवटी '.ईएक्सई' असेल तर ती तयार सूचनांची फाइल, '.बॅट' असेल तर आज्ञांची यादी. नाव बदलले की वागणूक बदलली. युनिक्सने नावाकडे पाहायचे नाही असे ठरवले. तिथे फाइलीच्या पोटात शिरून पहिले काही बाइट पाहायचे असा रिवाज पडला. या सुरुवातीच्या बाइटांना 'मॅजिक नंबर' म्हणतात. आज लिनक्सवरच्या तयार सूचनांच्या फाइलींची सुरुवात १२७, ६९, ७६, ७० या चार आकड्यांनी होते. यातले शेवटचे तीन म्हणजे 'ई', 'एल', 'एफ' या रोमन अक्षरांचे क्रमांक. जुन्या पीडीपी-११ संगणकावर हा आकडा अष्टमान पद्धतीत ४०७ होता, आणि त्यात जादू काहीच नव्हती. ४०७ ही त्या प्रोसेसरची 'पुढचे १४ बाइट ओलांडून जा' अशा अर्थाची खरीखुरी सूचना होती. फाइलीच्या सुरुवातीची माहिती वगळून पुढच्या कामाला लागण्यासाठी ती तिथे ठेवलेली असे. तीच पुढे ओळखखूण बनली.

१९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती आली, तेव्हा मजकुराच्या फाइलीला अशी खूण नव्हती. त्या काळची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. युनिक्सचे दोन थर असतात. आत कर्नल, म्हणजे गाभा. मेमरी, डिस्क, परवानग्या हे सगळे त्याच्या ताब्यात. बाहेर शेल, म्हणजे कवच. आपण टंकलेली आज्ञा वाचून ती गाभ्यापर्यंत पोहोचवणारा हा एक साधा कार्यक्रम. शेल गाभ्याला सांगे, 'ही फाइल चालव.' गाभा पहिले बाइट पाही, ओळखीचा आकडा दिसला नाही की 'हा चालवण्याचा प्रकार नव्हे' म्हणून ती परत करी. मग शेल मनाशी म्हणे, चालत नाही तर माझ्यासाठीच लिहिलेली असेल, आणि स्वतःच ती वाचायला बसे.

यात शेल अंदाज बांधत होता, आणि शेल एकच होता तोवर अंदाज बरोबर ठरत होता. पण बर्कले विद्यापीठात बिल जॉय यांनी 'सी शेल' नावाचा दुसरा शेल तयार केला. त्याची भाषा वेगळी. आता फाइल कोणाची? सी शेलने एक तोडगा काढला. फाइलीचे पहिले अक्षर '#' असेल तर ती माझी, नसेल तर जुन्या शेलची. तोडगा चालला, पण तिसरा शेल आला तर काय हा प्रश्न उरलाच. शिवाय शेल सोडून दुसऱ्याच कुठल्या कार्यक्रमाने गाभ्याला स्क्रिप्ट चालवायला सांगितली, तर ती सरळ नाकारली जाई. कारण अंदाज बांधणारा शेल मध्ये नव्हता.

जानेवारी १९८० मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या डेनिस रिची यांनी एका छोट्या पत्रातून कळवले, की गाभ्यातच बदल केला आहे. फाइलीचे पहिले दोन बाइट '#' आणि '!' असतील (क्रमांक ३५ आणि ३३), तर त्या ओळीतला पुढचा मजकूर म्हणजे दुभाष्याचा पत्ता असे गाभा समजेल. पहिल्या खुणेला हॅश, दुसरीला बँग म्हणतात. त्यावरून बोलण्यात या जोडीचे नाव 'शेबँग' पडले. उदाहरणार्थ,

#!/बिन/एसएच

अशी पहिली ओळ असली, की 'बिन' फोल्डरमधल्या 'एसएच' या शेलला बोलवायचे. (प्रत्यक्ष संगणकावर असे पत्ते आणि आज्ञा रोमन अक्षरांत टंकायच्या असतात, इथे देवनागरीत छापल्या आहेत.)

हा बदल दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. कोणाला बोलवायचे हे पूर्वी वाचणारा ठरवत होता, आता लिहिणारा ठरवतो, आणि तो निर्णय फाइलीतच लिहिलेला असतो. पर्ल १९८७ मध्ये आली, पायथन १९९१ मध्ये. या भाषांसाठी गाभ्यात एक ओळही बदलावी लागली नाही.

गाभा पुढे काय करतो हे एका प्रयोगाने स्पष्ट दिसते. लिनक्स असलेला कुठलाही संगणक चालेल. 'प्रयोग' नावाची फाइल करा (फाइलीचे नाव देवनागरीत चालते) आणि तिच्यात ही एकच ओळ लिहा:

#!/बिन/एको नमस्कार

'सीएचमॉड' आज्ञेने तिला चालवण्याची परवानगी द्या. 'एको' हा कार्यक्रम आपल्याला मिळालेले शब्द पडद्यावर उमटवतो, दुसरे काही करत नाही. आता फाइल चालवताना लिहा: ./प्रयोग सातवी आठवी. पडद्यावर येईल:

नमस्कार ./प्रयोग सातवी आठवी

आपण 'एको'ला बोलावले नव्हते. गाभ्याने आपली आज्ञा मोडून नवी रचली. पुढे दुभाष्याचे नाव, मग पहिल्या ओळीतला जादा शब्द, मग स्क्रिप्टचे स्वतःचे नाव, आणि शेवटी आपण दिलेले शब्द. गाभ्याचे काम एवढेच. स्क्रिप्टचा बाकीचा मजकूर तो वाचतही नाही. लिनक्सचा गाभा तर सुरुवातीचे २५६ बाइट तेवढे पाहतो, आणि २०१९ पर्यंत फक्त १२८ पाहत असे.

आता 'एको'च्या जागी 'कॅट' लिहा आणि 'नमस्कार' हा शब्द काढून टाका. 'कॅट'ला फाइलीचे नाव दिले की तो ती फाइल पडद्यावर दाखवतो. त्यामुळे खाली काहीही लिहिलेले असो, ही स्क्रिप्ट चालवली की स्वतःलाच छापते. आणि त्या जागी फाइल पुसणारा 'आरएम' लिहिला तर? स्क्रिप्ट चालवताच ती स्वतःला पुसून टाकते. हा प्रयोग करायचा तर रिकाम्या फोल्डरमध्ये, हाताशी दुसरी प्रत ठेवून करावा. विद्यार्थ्यांना तो फार आवडतो.

खूण म्हणून '#'च का, याचेही उत्तर यातच आहे. गाभा दुभाष्याला फाइलीचे नुसते नाव देतो. दुभाष्या ती फाइल पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचतो. तेव्हा ती पहिली ओळ त्याने दुर्लक्षित करायला हवी. शेल, ऑक, पर्ल, पायथन या सगळ्यांत '#'पासून पुढचा मजकूर म्हणजे टिपण, म्हणून ते त्यावरून पुढे जातात. जावास्क्रिप्टमध्ये '#'ने टिपण होत नाही, म्हणून त्या भाषेच्या प्रमाण व्याख्येत अशा पहिल्या ओळीसाठी २०२३ मध्ये खास सवलत द्यावी लागली.

आता 'हजेरी'कडे येऊ. टंकलेखन यंत्रावर ओळ संपली की दोन कामे करावी लागत: गाडी मागे ढकलायची आणि कागद एक घर वर सरकवायचा. दूरमुद्रकासाठी या दोन कामांना १३ आणि १० असे दोन क्रमांक मिळाले. डॉस आणि विंडोजने ओळीच्या शेवटी दोन्ही ठेवले, युनिक्सने फक्त १० ठेवला. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर आणली की गाभा १० पर्यंतची ओळ घेतो आणि शेवटच्या मोकळ्या जागा गाळतो, पण १३ गाळत नाही. '/बिन/एसएच' हे नाव रोमन अक्षरांत सात खुणांचे आहे. गाभ्याला ते आठ खुणांचे दिसते आणि आठवी खूण पडद्यावर दिसतच नाही. अशा नावाचा दुभाष्या संगणकावर नाही. 'सापडत नाही' ही तक्रार त्याच्याबद्दल असते. काही शेल संदेशात दुभाष्याचे नाव सांगतात, काही फक्त स्क्रिप्टचे नाव छापून मोकळे होतात. हा संदेश इतक्या वर्षांत कोणी सुधारला नाही याचे मला आश्चर्य वाटते. उपाय मात्र सोपा आहे. 'डॉस टू युनिक्स' नावाची छोटी साधने ते १३ काढून टाकतात.

मराठीत लिहिणाऱ्यांना दुसरा एक अडथळा भेटतो. देवनागरी मजकूर यूटीएफ-८ पद्धतीत साठवताना जुना नोटपॅड फाइलीच्या अगदी आधी २३९, १८७, १९१ असे तीन न दिसणारे बाइट घाली. (२०१९ नंतरच्या विंडोज १० मध्ये तो आपण होऊन असे करत नाही.) मग पहिले दोन बाइट '#' आणि '!' राहत नाहीत. गाभा फाइल परत करतो आणि शेल १९७९ सालचीच सवय काढतो: माझ्यासाठीच असेल! पायथनमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट शेल वाचू लागला की गोंधळ होतो. पायथनच्या फाइलीत सुरुवातीला बहुधा 'इम्पोर्ट' हा शब्द असतो. इमेजमॅजिक या चित्रांच्या संचातही 'इम्पोर्ट' नावाचा कार्यक्रम आहे आणि तो पडद्याचे छायाचित्र घेतो. तो संच संगणकावर असला तर माउसच्या बाणाची फुली होते आणि संगणक तुम्ही कुठेतरी टिचकी मारण्याची वाट पाहत बसतो. बेरजेचा कार्यक्रम लिहिणाऱ्याला हे कोडे सहजी सुटणारे नव्हे.

पत्ता पूर्ण का द्यावा लागतो? नुसत्या नावावरून ठरावीक फोल्डरांत कार्यक्रम शोधणे हे शेलचे काम आहे, गाभा ते करत नाही. पण पायथन एका प्रणालीवर '/यूएसआर/बिन' मध्ये असतो, तर फ्री-बीएसडीवर '/यूएसआर/लोकल/बिन' मध्ये. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच, पण त्याचा शेल '/सिस्टिम/बिन' मध्ये राहतो. म्हणून अनेक जण दुभाष्याच्या जागी 'एन्व्ह' या कार्यक्रमाचा पत्ता देतात आणि पुढे नुसते पायथनचे नाव लिहितात. 'एन्व्ह' ते नाव शोधून देतो. म्हणजे दुभाष्या गाठण्यासाठी आणखी एक मध्यस्थ.

रिचींच्या पत्रातला एक फायदा मात्र पुढे महागात पडला. युनिक्समध्ये फाइलीवर 'सेट-यूआयडी' नावाची खूण करता येते. (या कल्पनेचे पेटंट १९७९ मध्ये रिचींनाच मिळाले होते.) अशी फाइल कोणीही चालवली, तरी ती तिच्या मालकाच्या अधिकाराने चालते. आपला परवलीचा शब्द बदलण्याचा कार्यक्रम असाच आहे. तो ज्या फाइलीत लिहितो, तिथे सामान्य माणसाला लिहिता येत नाही. नव्या सोयीने स्क्रिप्टलाही हा अधिकार देता येऊ लागला.

पण आपण वर पाहिले, की फाइल दोनदा उघडली जाते. आधी गाभा उघडतो आणि खूण व दुभाष्याचे नाव पाहतो. मग दुभाष्या तीच फाइल नावावरून पुन्हा उघडतो. या दोन घटनांमध्ये क्षणाचे अंतर असते. एखाद्याने अशा अधिकाराच्या स्क्रिप्टकडे बोट दाखवणारी जोडफाइल स्वतःच्या फोल्डरमध्ये केली, ती चालवली, आणि त्या क्षणात जोडफाइलीचे बोट स्वतःच्या मजकुराकडे वळवले तर? गाभ्याने तपासली एक फाइल, दुभाष्याने वाचली दुसरी, आणि तीही मुख्य व्यवस्थापकाच्या अधिकाराने. पहिल्या प्रयत्नात वेळ साधली नाही तर हजार वेळा करता येते. म्हणून लिनक्स आज स्क्रिप्टवरची ही खूण सरळ दुर्लक्षित करतो. काही प्रणाली दुभाष्याला नावाऐवजी आधीच उघडलेल्या फाइलीचा क्रमांक देतात, म्हणजे अदलाबदलीला जागाच राहत नाही.

जाता जाता एक निरीक्षण. तयार सूचनांच्या फाइलींना दुभाष्या लागत नाही असे सुरुवातीला सुचवले होते. पण लिनक्सवरच्या बहुतेक अशा फाइलींच्या पोटातही एक पत्ता लिहिलेला असतो. मुख्य कार्यक्रमाला लागणारी सामायिक ग्रंथालये जोडून देणाऱ्या कार्यक्रमाचा तो पत्ता, आणि त्यालाही तिथे इंटरप्रिटरच म्हणतात. 'रीड-एल्फ' या साधनाने तो वाचता येतो. ३२ बिटांचा जुना कार्यक्रम ६४ बिटांच्या नव्या संगणकावर आणून चालवला आणि हा पत्ता तिथे नसला, तर समोर दिसणाऱ्या फाइलीबद्दल संगणक तेच सांगतो: अशी फाइल सापडत नाही.