टर्मिनल बंद केल्यावर बॉटचं काय होतं?

टेलिग्रामचा साधा बॉट उभा करायला फार काही लागत नाही. टेलिग्रामच्या 'बॉटफादर' या बॉटकडून मिळालेलं टोकन, पायथॉनची एखादी लायब्ररी आणि थोडासा कोड. 'नमस्कार' लिहिलं की उलट 'नमस्कार' येतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. मग टर्मिनलची खिडकी बंद होते आणि बॉट मुका होतो. बहुतेक प्रोग्राम माणूस समोर बसलेला असताना चालतात. बॉटला मात्र रात्री दोन वाजता, कोणी बघत नसताना उत्तर द्यायचं असतं. म्हणून बॉट सतत चालू ठेवण्यासाठीची लिनक्सवरची मांडामांड म्हणजे कोड लिहिण्याआधी एकदा उरकून टाकायची कटकट, हा समज मला चुकीचा वाटतो. ती बॉटच्या रचनेचाच पहिला भाग आहे.

पहिली अडवणूक लिनक्सच करतं. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून पिपने थेट सिस्टिमच्या पायथॉनमध्ये लायब्ररी टाकायला गेलं की नकार मिळतो, कारण त्याच पायथॉनवर सिस्टिमची स्वतःची काही अवजारं चालतात. नकार डावलण्याचा पर्याय इंटरनेटवर लगेच सापडतो, पण खरा उपाय म्हणजे बॉटसाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. टोकनही कोडमध्ये नको, वेगळ्या फाइलमध्ये हवं आणि ती फाइल गिटच्या नजरेआड हवी. एकदा कमिट झालेलं टोकन नंतर पुसलं तरी इतिहासात राहतं. मग बॉटफादरकडे जाऊन ते रद्द करण्यावाचून गत्यंतर नाही. उरलं ते बॉटला चालू ठेवण्याचं काम. ते लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या सिस्टिमडीकडे द्यावं: पाच-दहा ओळींची सर्व्हिस फाइल, पडला तर पुन्हा उठवण्याची सूचना आणि काय बिनसलं ते वाचायला जर्नल. सर्व्हिस आपल्या युजरच्या नावाने चालवत असाल तर 'लिंगर' चालू करायला विसरू नये, नाहीतर लॉगआउट होताच बॉटही जातो.

या मांडणीतूनच बॉटचे स्वभाव कळू लागतात. सर्व्हरवर बॉट चालू असताना त्याच टोकनने लॅपटॉपवर दुसरी प्रत सुरू केली की टेलिग्राम ४०९ क्रमांकाची चूक परत करतं, कारण एका टोकनचे निरोप पोलिंगने, म्हणजे टेलिग्रामला पुन्हा पुन्हा विचारून, एकाच वेळी दोघांनी घ्यायचे नसतात. म्हणजे चाचणीचा बॉट वेगळा, त्याचं टोकनही वेगळं. न पोचलेले निरोप टेलिग्राम २४ तासांपर्यंत सांभाळून ठेवतं, त्यामुळे तासभर पडलेला बॉट उठला की जुने सगळे प्रश्न एकदम अंगावर येतात. मराठी बॉटला आणखी एक अडचण असते. बटणासोबत जाणाऱ्या माहितीला ६४ बाइटांची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. एकट्या 'कोल्हापूर'चे २७ बाइट होतात. तिथे नावाऐवजी क्रमांक पाठवावा. घड्याळाचंही तसंच: सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतो आणि सकाळी नऊची आठवण आपल्याकडे दुपारी अडीचला येते.

यावर कोणी म्हणेल, विंडोजवर काय बिघडतं? डब्ल्यूएसएल २ मध्ये खरा लिनक्स कर्नल मिळतो आणि शिकायला तो पुरेसा आहे, हे मान्यच. पण झाकण मिटलेला लॅपटॉप झोपतो, त्यावर डब्ल्यूएसएलकडे इलाज नाही. डॉकरचा मुद्दा अधिक वजनदार आहे, कारण लायब्ऱ्यांचा गोंधळ तो खरोखरच संपवतो. तरी टोकन कुठून येणार, घड्याळ कोणतं आणि कंटेनर पडला तर कोणी उठवायचा, हे त्यालाही सांगावंच लागतं. नवशिक्या घाबरून पळेल, हा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे. वर्गातल्या गृहपाठासाठी ब्राउझरमधली नोटबुक खुशाल वापरावी. पण सोसायटीच्या पाण्याची वेळ किंवा क्लासचं वेळापत्रक बॉटकडून कळणार असेल, तर त्यावर दुसरं माणूस विसंबतं आणि हिशेब बदलतो. तेव्हा फीचर वाढवण्याआधी एक चाचणी करावी: मशीन रीबूट करायचं, लॉगइन करायचं नाही आणि फोनवरून बॉटला निरोप पाठवायचा. उत्तर आलं नाही, तर पुढचा कोड लिहिण्याआधी सर्व्हिस फाइल उघडावी.