भाकरीचे माहेर आफ्रिकेत

थंडीत इंदापूर-बारामतीच्या जिरायती पट्ट्यात ज्वारीची कणसे भरली की हुरड्याच्या आगट्या पेटतात. ज्वारीइतके आपले दुसरे पीक नाही, असे आपण मानतो. पण या पिकाचे माहेर भीमा-नीरेच्या खोऱ्यात नाही, ते आहे आफ्रिकेत.

पूर्व सुदानमधील कसाला शहराजवळ उत्खननात सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची खापरे मिळाली. भांड्यांच्या मातीत त्या काळच्या लोकांनी ज्वारीचा भुसा मिसळला होता. भुसा जळून गेला, ठसे मात्र राहिले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे ठसे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. रानटी ज्वारीचा दाणा पिकला की आपोआप गळतो आणि त्याच्या देठाशी गुळगुळीत खूण राहते. लागवडीच्या ज्वारीचा दाणा मळल्याशिवाय सुटत नाही, म्हणून तिथे तुटल्याची खूण दिसते. या खापरांत दोन्ही प्रकारच्या खुणा आहेत. म्हणजे रानातले गवत हळूहळू शेतातले पीक होत होते, तो काळच या खापरांत टिकून राहिला आहे.

हे घडवणाऱ्या शेतकऱ्यांची नावे कुणालाच माहीत नाहीत. कणसावर दाणे धरून ठेवणारी ताटे त्यांच्या हातून पिढ्यान् पिढ्या निवडली गेली. पीक सुधारण्याचे शास्त्र आजही याच पायावर उभे आहे. आपल्याकडे प्रसिद्ध असलेली मालदांडी ‘एम ३५-१’ ही ज्वारीसुद्धा शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, मोहोळच्या संशोधन केंद्रावर, स्थानिक वाणातून निवड करूनच मिळाली.

ज्वारी एकटीच आली नाही. बाजरी पश्चिम आफ्रिकेची, नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. चवळीही तिकडचीच. साधारण साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वी ही पिके भारतात येऊ लागली. कमी पावसाच्या मुलखात ज्वारी रुजली, कारण तिची मुळे खोल जातात, पानांवर मेणाचा थर असतो आणि पाण्याचा ताण पडला की पाने गुंडाळून ती ओल वाचवते. म्हणूनच परतीच्या पावसाच्या ओलीवर रब्बीची ज्वारी निघते. माणसाला भाकरी मिळते आणि जनावरांना कडबा.

आफ्रिकेचे हे देणे जुन्या काळातच संपले नाही. ज्वारी करणाऱ्याला टारफुला ठाऊक असतो. हे तण ज्वारीच्या मुळांना चिकटून अन्न शोषते आणि पीक वाळत जाते. त्याचे धुळीसारखे बी जमिनीत वर्षानुवर्षे पडून राहते. ज्वारीच्या मुळांतून पाझरणारे एक रसायन मिळाले की ते उगवते. इथिओपियातील खेड्यात, एका खोलीच्या गवती घरात वाढलेले शास्त्रज्ञ गेबिसा एजेटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उगवणीचा अभ्यास केला. त्यातून त्यांनी टारफुल्याला दाद न देणारे वाण तयार केले. त्यातील काही वाणांची मुळे हे रसायन फारच कमी सोडतात, त्यामुळे टारफुल्याचे बी झोपलेलेच राहते. एजेटा यांचे ‘हगीन दुरा-१’ हे दुष्काळाला तोंड देणारे संकरित वाण १९८३ मध्ये सुदानमध्ये आले. २००९ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आपल्या शेतात टारफुला दिसला, तर तो फुलण्याआधीच उपटावा, बी जमिनीवर पडू देऊ नये.

आता ताटाकडे वळू. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि तितकेच तंतू असतात. ज्वारीत ग्लुटेन नसते. मात्र ज्यांना ग्लुटेन वर्ज्य आहे, त्यांनी गव्हाच्या गिरणीतून ज्वारी दळून आणू नये. मधुमेह असणाऱ्यांनीही भाकरी मोजूनच खावी. ज्वारी पौष्टिक आहे, पण ती औषध नव्हे.

कालव्याचे पाणी आले तिथे ऊस आला आणि ज्वारी मागे सरकली. पाऊस लांबला की मात्र पुन्हा तिचीच आठवण होते. ताटात भाकरी येईल तेव्हा मुलांना एवढे जरूर सांगा: हिचे पहिले बियाणे आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी निवडले, आणि तिच्या जुन्या शत्रूवर तोडही आफ्रिकेतल्याच एका खेड्यातल्या मुलाने शोधली.